आभार कुणाचे मानायचे?

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापुरातल्या कुठल्याही कार्यक्रमात एक वेळ ठरलेली असते. हुतात्मा स्मृती मंदिर असो, शाळेचं पटांगण असो की पूर्व भागातलं एखादं मंगल कार्यालय असो. सूत्रसंचालक म्हणतो, "आता आभारप्रदर्शनासाठी मी विनंती करतो..." आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या खुर्च्या सरकायला लागतात. कुणी चपला शोधतं, कुणी गाडीची किल्ली. माईकवर मात्र मंडपवाल्यापासून पत्रकारांपर्यंत आणि शेवटी 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे' आभार चाललेले असतात. त्यात एक वाक्य हमखास येतं. "त्यांचे आभार मानून मी त्यांच्या ऋणातून मुक्त होऊ इच्छित नाही, त्यांच्या ऋणातच राहणं पसंत करतो."

गंमत पाहा. आभार मानायलाच उभा राहिलेला माणूस सांगतो की मी आभार मानणार नाही, आणि त्यालाच टाळ्या पडतात. हे वाक्य गुळगुळीत झालंय खरं, पण मला ते पटतं. आभार मानले की हिशेब मिटला, अशी आपली जुनी समजूत त्यात आहे. हिशेब मिटवायचा तो परक्याशी. घरच्यांशी तो चालूच राहतो, आणि राहू द्यायचा असतो.

म्हणून तर आपल्या घरांत हा शब्द फारसा ऐकू येत नाही. आईनं गरम भाकरी वाढली, शेजारी शेंगाची चटणी ठेवली, आणि माझ्या वयाचा मुलगा म्हणाला, "आई, मी तुझा आभारी आहे," तर आई आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघेल, ताप आहे का म्हणून. तो म्हणणार, "अजून एक वाढ की." आईला त्यातच सगळं पोचतं.

पाहुणे कधी कधी म्हणतात, सोलापूरची माणसं रांगडी, 'थँक्यू' म्हणत नाहीत. त्यांना मी एक अभ्यास सांगतो. २०१८ साली 'रॉयल सोसायटी ओपन सायन्स' या नियतकालिकात तो छापून आला. संशोधकांनी आठ भाषांमधल्या लोकांचं रोजचं, घरगुती बोलणं चित्रित केलं. इंग्रजी, इटालियन, पोलिश, रशियन या चार युरोपातल्या. शिवाय लाओसमधली लाओ, इक्वेडोरमधली चापला, ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांची मुरिनपाथा आणि घानामधली सिवू. 'ते जरा इकडं दे', 'हे धर', अशा मागण्या आणि त्या पुऱ्या झाल्यावर माणसं काय बोलतात, हे त्यांनी पाहिलं. साधारण वीस वेळांत एकदाच कुणीतरी आभार मानले होते! इंग्रजी आणि इटालियन बोलणारे थोडे पुढे होते. पण त्यांच्याही घरांत बहुतेक वेळा मीठ मागितलं, मीठ मिळालं, जेवण पुढं चालू. चापला भाषेत तर आभार मानायचा ठरलेला असा शब्दच नाही. म्हणून ती माणसं कृतघ्न ठरतात का? मुळीच नाही. मागितलेलं मिळणार, हे तिथं इतकं गृहीत आहे की त्याचा गाजावाजा करावा असं कुणाला वाटत नाही. तेव्हा रांगडेपणाचा शिक्का एकट्या सोलापूरवर नको.

आता घराबाहेर येऊ. आपलं गाव चार-पाच भाषांत जागं होतं. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांची नावं नुसती उच्चारली तरी ते कळतं: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची तेलुगू, बाळीवेशीकडची कन्नड, विजापूर वेशीतली दख्खनी उर्दू, आणि या सगळ्यांत मिसळलेली आपली मराठी.

पुस्तकात पाहाल तर तेलुगूत 'धन्यवादमुलु' आणि कन्नडमध्ये 'धन्यवादगळु'. दोन्हीकडं आपलाच संस्कृत धन्यवाद, फक्त त्यांच्या अनेकवचनाचा प्रत्यय लावलेला. तमिळनं मात्र स्वतःचा 'नंड्री' जपला आणि मल्याळमनं 'नन्नि'. पण कन्ना चौकात उभं राहून ऐका. चादरीचा गठ्ठा रिक्षात चढवायला कुणी हात दिला, तर तेलुगू बोलणारा म्हणेल 'मंचिदि', म्हणजे चांगलं झालं. कन्नड बोलणारा म्हणेल 'छलो आत्री', अर्थ तोच. आपण म्हणतो, 'बरं झालं बघा तुम्ही होता.' धन्यवादमुलु आणि धन्यवादगळु दोघंही, आपल्या धन्यवादासारखेच, सत्काराच्या व्यासपीठावर शाल पांघरून बसलेले असतात. चौकात उतरत नाहीत. उर्दूवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं. 'शुक्रिया' आणि 'मेहेरबानी' हे दोन्ही शब्द सभेतही शोभतात आणि चहाच्या टपरीवरही.

आणि म्हातारी माणसं? ती तर सगळ्याच भाषांत एकच करतात. त्यांचा रस्ता ओलांडून द्या, पिशवी उचलून द्या. ती आभार मानत नाहीत, आशीर्वाद देतात. 'देव तुझं भलं करो', 'अल्ला भला करे', 'सुखी राहा लेकरा'. ही रीत पार जगभर पसरलेली आहे, हे मला फार आवडतं. गोव्यातले ख्रिस्ती लोक कोकणीत आजही 'देव बरें करूं' म्हणतात, आणि तेच त्यांचं थँक्यू. रशियन माणूस दिवसभर 'स्पासिबा' म्हणतो. त्याचं मूळ रूप 'देव तुला तारो' असं आहे, जरी म्हणताना आता देव कुणाच्या मनात नसला तरी. दक्षिण जर्मनीत आणि ऑस्ट्रियात जुनी माणसं म्हणतात, देव तुम्हाला याची परतफेड करो. आयर्लंडच्या आयरिश भाषेत 'गो रेव मा अगत', तुझ्यापाशी भलं असो. मी गरीब, माझ्याकडं द्यायला काही नाही, तेव्हा देणं वरच्याच्या खात्यावर टाकतो. ही युक्ती अक्कलकोटच्या आजीलाही सुचली आणि आयर्लंडच्याही.

दुसरी तऱ्हा उघड कर्जदारांची. पोर्तुगीज पुरुष म्हणतो 'ओब्रिगादो', म्हणजे मी बांधला गेलो. बाईनं 'ओब्रिगादा' म्हणायचं, कारण ती बांधली गेली. सभेत 'मी आपला ऋणी आहे' म्हणणारा आपला वक्ता त्याच कुळातला. या 'ओब्रिगादो'वरून जपान्यांनी 'आरिगातो' उचलला, असं मोबाईलवर फिरत असतं. ऐकायला छान आहे, पण खरं नाही. पोर्तुगीज जपानला पोचले १५४३ च्या सुमाराला, आणि जपानी शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. त्याच्या मुळाशी 'असणं अवघड' असा अर्थ आहे. असं भाग्य सहसा वाट्याला येत नाही, म्हणून ते मोलाचं. शिवाय जपानी माणूस पुष्कळदा आभारांच्या जागी 'सुमिमासेन' म्हणतो, म्हणजे चक्क माफी मागतो. तुम्हाला माझ्यापायी त्रास झाला! यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. 'तुम्हाला उगाच तसदी दिली' हे वाक्य आपल्याकडंही अजून जिवंत आहे.

थायलंडमध्ये पुरुषानं 'खोप खुन ख्रप' म्हणायचं, बाईनं 'खोप खुन खा'. अरबांचं 'शुक्रन', तुर्कांचं 'तेशेक्क्युर' आणि आपल्या विजापूर वेशीतलं 'शुक्रिया' ही तिन्ही एकाच धातूची लेकरं. इराणी माणूस मात्र सहज बोलताना फ्रेंचांचं 'मेर्सी' म्हणून मोकळा होतो. ही यादी कितीही लांबवता येईल, पण नुसती यादी ऐकून कुणाचं पोट भरत नाही. डेन्मार्क-नॉर्वेची एक रीत तेवढी सांगतो. तिथं जेवण झाल्यावर 'जेवणाबद्दल आभार' असं मुलंही म्हणतात, रोज, घरात. आपल्या पंगतीतलं 'अन्नदाता सुखी भव' आठवलं ना? डॅनिश माणसाकडं आणखी एक वाक्य असतं: 'टाक फॉर सिस्ट'. मागच्या भेटीबद्दल आभार. मागच्या महिन्यात तुमच्याकडं जेवलो असेन, तर आज रस्त्यात भेटल्यावर आधी ते.

आता चीनकडं वळतो, कारण चीनचा विषय सोलापूरकराला परका नाही. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे, जन्म १० ऑक्टोबर १९१०. जपाननं चीनवर आक्रमण केलं होतं, तेव्हा चीनच्या विनंतीवरून काँग्रेसनं १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात कोटणीस होते. बाकीचे चौघं पुढं परतले, हे राहिले. चिनी बोलायला शिकले, लिहायला शिकले, डोंगराळ आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, चीनमध्येच जखमींची सेवा केलेल्या कॅनडाच्या डॉक्टर बेथून यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. १९४१ मध्ये तिथल्याच कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, 'यिन' भारताचा आणि 'हुआ' चीनचा. मुलगा काही महिन्यांचा असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, डॉक्टर गेले. वय अवघं बत्तीस.

चिनी भाषेत आभाराला 'शिएशिए' म्हणतात. पण चिनी घरांतही आपल्यासारखंच आहे. नवरा-बायको, आई-मुलगा एकमेकांना सारखं शिएशिए म्हणू लागले तर ते परकेपणाचं मानतात. मग ज्या माणसानं आपल्या देशासाठी जीव दिला, त्याचे आभार कसे मानायचे? चीननं १९८२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं काढली. चीनचे नेते भारतात आले की कोटणीसांच्या नातेवाइकांना आवर्जून भेटत आले. शिच्याच्वांग शहरात त्यांची समाधी आणि स्मारक आहे. या सगळ्याहून मला एक गोष्ट मोठी वाटते. एप्रिलच्या सुरुवातीला चीनमध्ये छिंगमिंग नावाचा सण येतो. त्या दिवशी माणसं आपापल्या वाडवडिलांच्या थडग्यांवर जाऊन ती झाडून-पुसून फुलं वाहतात. त्या दिवशी कोटणीसांच्या समाधीवरही लोक फुलं घेऊन जातात. पितरांच्या रांगेत त्यांनी आपल्या सोलापूरच्या डॉक्टरला बसवलंय. भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकावरून आपण रोज जातो-येतो. आत किती जण जातात, हा प्रश्न मी विचारत नाही, कारण उत्तर ऐकून मलाच वाईट वाटेल.

आता 'थँक्यू'बद्दल. शुद्ध मराठीचे कैवारी या शब्दावर रागावतात. मी नाही रागावत. 'धन्यवाद' जड आहे. टमटमवाल्याला दहा रुपये देताना तो तोंडात मावत नाही. 'आभारी आहे' म्हणावं तर समोरचा दचकतो. 'थँक्यू'ला वजनच नाही, म्हणून तो सगळीकडं चालतो. मंगळवार बाजारात भाजीवालीनं कोथिंबिरीची काडी वर टाकली की कॉलेजची पोरगी 'थँक्यू मावशी' म्हणते आणि मावशी हसते. यात मराठीचं काही बिघडलं असं मला वाटत नाही. 'मावशी' शब्द शाबूत आहे ना!

मला खटकतं ते वेगळंच. वाढदिवस झाला की मोबाईलवर एकच मजकूर शंभर जणांना जातो: 'आपण दिलेल्या शुभेच्छांबद्दल मनःपूर्वक आभार, वैयक्तिक उत्तर देणं शक्य नसल्यानं क्षमस्व.' शंभर जणांना एकदम मानलेले आभार कुणा एकालाही पोचत नाहीत. त्यापेक्षा वर्तमानपत्रातलं जुनं 'जाहीर आभार' बरं. दवाखान्यातून घरी आलेला माणूस पदरचे पैसे भरून ती चौकट द्यायचा, आणि तिच्यात डॉक्टरांच्या बरोबरीनं वॉर्डबॉय आणि आयाबाईंचीही नावं असायची.

आणि कुणी आपले आभार मानले, तर काय म्हणावं? इथं मात्र आपली भाषा चांगली मोकळी आहे. स्पॅनिश माणूस 'दे नादा' म्हणतो, काही नाही हो. इंडोनेशियात 'तेरिमा कासिह'ला उत्तर 'सामा-सामा', म्हणजे तुमचेही तसेच. चिनी म्हणतात 'बू खछी', औपचारिकपणा नको. मराठीच्या पाठ्यपुस्तकात याचं ठरलेलं उत्तर सापडायचं नाही. नव्या पोरांनी म्हणून 'वेलकम' आणलं. त्यांना मी एवढंच सांगेन, आपल्याकडं आधीपासूनच एक आहे. पंक्चर काढून देणारा, पत्ता दाखवायला दोन गल्ल्या सोबत चालत येणारा, यष्टीत खिडकीची जागा सोडणारा, कुणालाही थँक्यू म्हणून बघा. तो हात झटकून म्हणेल, "असू दे की, त्यात काय!"

नमस्कार.