डीपीचा श्वास

नमस्कार श्रोतेहो. डीपीजवळून, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरजवळून जाताना घूं घूं आवाज येतो ना? आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, तेवढ्यात आतलं लोखंड १०० वेळा ताणतं-सैलावतं. त्याचा हा आवाज.

आत लोखंडी पत्र्यांची थप्पी आणि तिच्यावर तारेच्या दोन गुंडाळ्या. त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत. पुन्हा सांगतो, जोडलेल्या नाहीत. पहिलीतल्या बदलत्या प्रवाहाने लोखंडातलं चुंबकत्व बदलतं, आणि ते दुसरीत वीज जागवतं. फॅरडेने १८३१ साली हे दाखवलं. वेढे कमी, तिथे व्होल्ट कमी. ११,००० व्होल्टची वीज घरात २३० वर येते ती अशी.

मी बारावीत होतो. गहू पोटरीत आलेला आणि मळ्यातली डीपी जळाली. वडिलांनी कचेरीत खेटे घातले, ११ दिवस गेले, गव्हाची पानं वळली. बाराव्या दिवशी ट्रॉलीतून दुसरी डीपी आली. वायरमनकाकांनी जुनीच्या कडेची काचेची बाटली काढून माझ्या हातात दिली. आत साबुदाण्याएवढे खडे, गुलाबी. नवीवरच्या बाटलीत तेच खडे निळेशार.

"बाळा, डीपीच्या आतलं तेल तापलं की फुगतं, निवलं की आकसतं. डीपी श्वास घेते. हवेतला ओलावा हे खडे धरतात. निळे म्हणजे कोरडे. गुलाबी झाले की ओल तेलात उतरते."

"एवढ्यानं जळाली?"

त्यांनी विहिरींकडे बोट केलं. "ऑटो किती आहेत ते मोज."

ऑटो म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारी पेटी. मोजले. चौदा. लाइट आली की चौदा मोटरी एका क्षणात उठायच्या, आणि उठताना मोटर पाच-सहा पट प्रवाह ओढते. त्याच संध्याकाळी वडिलांनी आमचा ऑटो काढला. शेजाऱ्यांशी बोलून मोटरी पाच-पाच मिनिटांनी लावायचं ठरलं.

पण ऑटो नसला की रात्रीच्या लाइटला उठून जावं लागतं. शेतकऱ्याला रात्री दोनला, साप-विंचवाच्या अंधारात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला लावणं मला आजही पटत नाही. शेतीला वीज दिवसाच हवी.

आता ट्रान्सफॉर्मरचे प्रकार, भरभर. व्होल्ट वाढवतो तो स्टेप-अप. कोयनेची वीज पोफळीच्या वीजघरातून २,२०,००० व्होल्टवर निघते ती त्याच्यामुळे. उतरवतो तो स्टेप-डाउन, म्हणजे आपली डीपी. मोठा प्रवाह मीटरला सोसेल इतका लहान करून देतो तो सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर.

उद्या डीपीवरून गेलात तर लांबूनच त्या बाटलीकडे बघा. खडे गुलाबी दिसले तर वायरमनला सांगा. निळे म्हणजे कोरडे, गुलाबी म्हणजे ओले. नमस्कार.