भरतीच्या वेळेवर आखलेला दिवस : ठाणे खाडीवरील हिवाळी पक्षीनिरीक्षण

मंडळी, येऊरच्या जंगलात पक्षी पाहायला जाणाऱ्याला वेळेचा फारसा विचार करावा लागत नाही. उजाडताना फाटकापाशी पोहोचायचे, ऊन चढेपर्यंत फिरायचे आणि परतायचे, एवढा नियम बाराही महिने पुरतो. खाडीवर मात्र हा नियम चालत नाही. पहाटे उठून ऐरोलीला किंवा भांडुपला गेलेला माणूस दूरवर पसरलेला चिखल आणि त्यावरचे काही ठिपके पाहून परत येतो आणि यंदा पक्षी कमी आले, असा निष्कर्ष काढतो. पक्षी तिथेच असतात. मात्र त्यांचा दिवस सूर्यापेक्षा पाण्यावर चालतो आणि आपण घड्याळ पाहून निघालेले असतो. म्हणून आज मी पक्ष्यांच्या यादीपेक्षा दिवस कसा आखावा यावर अधिक बोलणार आहे.

आपल्या खाडीत साधारण चोवीस तास पन्नास मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते आणि मोठ्या उधाणात पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि तेव्हा हा फरक बराच कमी होतो. खाडी उथळ असल्यामुळे पाण्याच्या एवढ्या चढउताराने विस्तीर्ण चिखल उघडा पडतो आणि पुन्हा झाकला जातो. या चिखलात किडे, शिंपले, लहान खेकडे आणि शेवाळ असते. त्यासाठीच हजारो मैलांवरून पक्षी येथे येतात. चिखल उघडा असेल तेव्हा ते खातात आणि झाकला गेला की कोरड्या किंवा उथळ जागी जाऊन थांबतात. रात्र असो वा दिवस, त्यांचा हा क्रम पाण्याप्रमाणे चालू राहतो.

भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आपल्या कोळीवाड्यांतून चालत आला आहे आणि तो प्रत्येक पक्षीनिरीक्षकाने पाठ करावा असे मला मनापासून वाटते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच राहतो आणि दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी येते. हा अंदाज आहे. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्यापूर्वी छापील किंवा मोबाइलवरील वेळापत्रक पाहावेच. ते वेळापत्रक बहुधा मुंबई बंदराचे असते आणि पाणी खाडीत आतवर चढायला आणखी थोडा वेळ घेते, हेही ध्यानात ठेवावे. तरीही महिनाभर आधी घरच्या कालनिर्णयावर बोट ठेवून कोणता रविवार उपयोगाचा आणि कोणता नाही, हे ठरवायला हा हिशेब पुरेसा आहे.

आता तिथी कोणती निवडावी, ते पाहू. अष्टमीच्या सुमारास भरती पहाटे सहाच्या आसपास असते, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी पूर्ण होते. त्या दिवसांत भरतीचे पाणी सगळा चिखल झाकतही नाही, त्यामुळे पक्ष्यांना काठाकडे किंवा आतल्या पाणथळीकडे सरकण्याची गरजच पडत नाही. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. तेव्हा पाणी भरपूर असते, परंतु पक्षी जवळ येईपर्यंत ऊन डोक्यावर आलेले असते आणि तापलेल्या चिखलावरून उठणाऱ्या हवेत दुर्बिणीतले चित्र थरथरू लागते. या दोहोंच्या मधली त्रयोदशी किंवा चतुर्दशी मला सर्वांत सोयीची वाटते. पहाटे साडेचार-पाचला ओहोटी संपलेली असते, उजाडल्यावर पाणी चढू लागलेले असते आणि साडेदहा-अकराच्या सुमारास खाडी भरते. सकाळचे तीन तास आपल्याला पक्ष्यांच्या हालचालीसह मिळतात.

अशा दिवशी सकाळी मी सीवूड्सला जाईन. ठाण्याहून पनवेल लोकल थेट सीवूड्स-दारावे स्थानकावर उतरवते. करावे गाव, टी. एस. चाणक्य ही सागरी प्रशिक्षण संस्था आणि एनआरआय निवासी संकुल यांच्यालगतच्या पाणथळी खाडीला जोडलेल्या आहेत आणि खाडीत भरती येऊ लागली की पक्षी तिथे विश्रांतीला येतात. साडेसातपर्यंत तिथे पोहोचावे. त्या वेळी पाण्यात शेकाटे आणि बगळे असतातच. थापट्या बदकेही बहुधा दिसतात, आपल्या रुंद चोचीने पाण्याचा पृष्ठभाग गाळत फिरणारी. आठ-साडेआठनंतर कांदळवनावरून एकेक थवा आत येऊ लागतो : आधी चिखले आणि तुतवार हे लहान पाणपक्षी, मग लांब चोचीचे गॉडविट आणि पाणी पुरेसे चढले की रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो. इथे एका जागी उभे राहण्याचा संयम हवा. बांधावर पुढे-मागे चालत राहणाऱ्याला पक्षी दूर जाताना दिसतात. जो सकाळी जागा पकडून स्थिर राहतो त्याच्यासमोर थवे आपणहून उतरतात. आपण पूर्वेकडच्या काठावर असतो, त्यामुळे पश्चिमेकडे पाहताना सूर्य पाठीशी येतो आणि पिसांचे रंग स्पष्ट दिसतात. हाच प्रकाश दुपारनंतर तिथे समोरून येतो आणि सगळे पक्षी काळ्या आकृत्या होऊन जातात.

फ्लेमिंगोंच्या दोन जाती येथे एकत्र दिसतात. मोठा रोहित उंच आणि फिकट, चोच गुलाबी व टोकाला काळी. छोटा रोहित बुटका, रंगाने अधिक गडद आणि चोच काळपट लाल. दोघेही चोच उलटी धरून पाणी गाळतात, पण छोटा रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो आणि मोठ्याच्या आहारात पाण्यातले लहान प्राणी अधिक असतात. साधारण नोव्हेंबरपासून ते येऊ लागतात आणि थंडी सरल्यावर, एप्रिल-मेपर्यंतही त्यांचे मोठे थवे राहतात. म्हणून केवळ फ्लेमिंगो पाहायचे असतील तर डिसेंबरची घाई करू नये. चिखलातले लहान पक्षी आणि बदके पाहायची असतील तर मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी हेच महिने. मार्चमध्ये गेल्यास गॉडविटांच्या मानेवर आणि छातीवर विणीच्या हंगामाचा विटकरी रंग चढलेला पाहायला मिळतो, तोही एक लाभच.

दुपारची वेळ ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रासाठी ठेवावी. वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे हे केंद्र 2017 पासून आहे आणि खाडीतल्या जिवांची ओळख तिथे नीट करून दिली जाते. फ्लेमिंगो पाहण्यासाठी तेथून बोट निघते. तिची वेळ भरती-ओहोटीवर ठरते आणि म्हणून रोज बदलते, तेव्हा नोंदणी व चौकशी आधीच करावी. त्रयोदशी-चतुर्दशीला बोट सकाळच्या उत्तरार्धात मिळाल्यास सीवूड्सचा कार्यक्रम आवरता घ्यावा लागेल. दोन्ही एकाच दिवशी बसवण्याचा अट्टाहास नको, कारण धावपळीत दोन्ही ठिकाणी काहीच नीट पाहून होत नाही.

तीनच्या सुमारास पाणी बरेच उतरलेले असते. तेव्हा ऐरोली पुलावरून पलीकडे, भांडुपच्या उदंचन केंद्रामागच्या (पंपिंग स्टेशनमागच्या) खाडीकाठाला जावे. ही पश्चिमेची बाजू असल्यामुळे दुपारचा सूर्य आता पाठीमागे असतो. सकाळी विश्रांती घेणारे पक्षी इथे खाताना दिसतात आणि माझ्या मते खाडीचे खरे शिक्षण याच दोन तासांत होते. चिखल्याची चोच आखूड असते. तो थांबतो, पाहतो, धावतो आणि पृष्ठभागावरचा किडा टिपतो. तुतवाराची चोच थोडी लांब, तो ओल्या चिखलात वरवर टोचत चालतो. गॉडविट पोटापर्यंत पाण्यात उभा राहून सरळ लांब चोच मुळापर्यंत खुपसतो, तर कर्ल्यू आपल्या बाकदार चोचीने खोल बिळातले खेकडे काढतो. एकाच चिखलात, हातभर अंतरावर, इतके पक्षी एकमेकांच्या ताटातले न ओढता जेवतात, याचे कारण त्यांच्या चोचींच्या लांबीत आहे. हे एकदा लक्षात आले की शंभर करड्या पक्ष्यांचा गोंधळ आपोआप वेगळा होऊ लागतो. रंग पाहून ओळखण्याचा प्रयत्न हिवाळ्यात बहुधा फसतो, कारण तेव्हा बहुतेकांचे रंग फिकट असतात. चालणे, चोच आणि पायांची लांबी आधी पाहावी.

साधनांबद्दल थोडेच सांगतो. आठ पट दाखवणारी दुर्बीण पुरते. गटात एखादा तिकाटणीवरचा स्पॉटिंग स्कोप असला तर दूरच्या चिखलासाठी फार उपयोग होतो. कपडे मातकट रंगाचे, डोक्यावर टोपी आणि पाणी भरपूर. कोणी कुठल्याही काठावर कुरवांना (सीगलना) शेव-गाठ्या टाकू नयेत. आणि ड्रोन तर मुळीच उडवू नये. विश्रांती घेणारा थवा उठवणे म्हणजे त्याने परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी आपल्या एका छायाचित्रासाठी जाळायला लावणे होय.

येथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. ठाणे खाडीचे 1690 हेक्टर क्षेत्र 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. परंतु ज्या पाणथळींत आपण सकाळ घालवली त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. नेरूळच्या डीपीएस तलावात येणारे भरतीचे पाणी अडले आणि 2024 च्या उन्हाळ्यात तो तलाव कोरडा पडला, हे नवी मुंबईकरांनी पाहिले आहे. पक्ष्याला चिखल जितका हवा तितकीच भरतीच्या वेळी उभे राहायला सुरक्षित जागा हवी. ती नसेल तर तो सहा तास हवेत किंवा इमारतींच्या आणि विजेच्या तारांच्या मधून भटकत राहतो आणि शेवटी चांगला चिखलही सोडून देतो. त्रयोदशीचा एक दिवस दोन्ही काठांवर घालवलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही आणि म्हणूनच असे दिवस अधिकाधिक नागरिकांनी आखावेत अशी माझी इच्छा आहे.

शेवटी नोंदींविषयी. वहीत किंवा ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पक्ष्यांची नावे आणि संख्या लिहिताना त्या दिवसाच्या पूर्ण भरतीची वेळ आणि आपण पाहिले तेव्हा पाणी चढत होते की उतरत होते, हे अवश्य लिहावे. सीवूड्सला एका रविवारी दोन हजार पक्षी आणि पुढच्या रविवारी दोनशे, अशी नोंद पाण्याच्या स्थितीशिवाय काहीच सांगत नाही. पाण्याच्या स्थितीसह ती अनेक वर्षांनी कोणा अभ्यासकाच्या उपयोगी पडेल. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दरवर्षी जानेवारीत होते आणि तिच्यात सामान्य निरीक्षकही भाग घेऊ शकतात. तिच्यासाठी आपला काठ निवडताना जानेवारीतली त्रयोदशी-चतुर्दशी कोणत्या वारी येते, ते आज घरी गेल्यावर पंचांगात पाहून ठेवा.