विहिरीतला आंधळा मासा आणि मागुराचं घराणं

नमस्कार श्रोतेहो.

शिंगाळा, शिवडा, मागूर, शिंगी. तोंडाला मिशा, अंगावर खवलं नाहीत. गोदाकाठच्या माणसाला हे मासे ओळखून दाखवायला नकोत. मरळ त्यांत धरायची नाही. तिला खवलं आहेत, तिचं घराणंच निराळं. आज बोलायचं ते मिशाळ माशांच्या आपापसातल्या नात्यांबद्दल.

हेळवी दारात येतो, चोपडी उघडतो आणि तुमचा खापरपणजोबा कुठल्या गावाहून आला ते वाचून दाखवतो. तसली चोपडी माशाच्या पेशीपेशीत असते, तिला डीएनए म्हणतात. दोन माशांचं एकच जनुक, म्हणजे त्या चोपडीतलं एकच पान, समोरासमोर ठेवायचं आणि अक्षरं ताडून बघायची. फरक थोडा, तर नातं जवळचं. फरक मोठा, तर घरं फार पूर्वी फुटलेली.

2006 साली जगभरच्या शंभरावर मिशाळ जातींची दोन जनुकं अशी ताडून पाहिली गेली. आपला शिंगाळा आणि हिमालयाच्या ओढ्यांत दगडाला चिकटून राहणारे चिमुकले मासे एकाच आशियाई फांदीवरचे निघाले. आणि काचेच्या पेटीत शेवाळ खाणारा तो सकर मासा? त्याची दक्षिण अमेरिकेतली फांदी इतर सगळ्यांपासून सर्वांत आधी वेगळी झालेली. जाता जाता सांगतो, पेटी नकोशी झाली म्हणून सकर नदीत, तलावात सोडू नका. अजिबात सोडू नका. तो इथला नाही.

आता केरळची गोष्ट, ती मला फार आवडते. तिथं घराघराला विहीर, आणि खाली जांभा खडक. त्या खडकाच्या भेगांतल्या पाण्यात एक मासा राहतो. जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा. डोळे नाहीत. कातडीला रंग नाही, म्हणून आतलं रक्त दिसतं आणि मासा गुलाबी लाल दिसतो. पण मिशा आहेत! ए. जी. के. मेनन यांनी 1950 साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पुढं त्याच्या एका भाईबंदाला अब्दुल कलामांचं नाव मिळालं.

अडचण ही, की खडकाच्या भेगेत उतरणार कोण? हा मासा वर येतो तो विहीर खणताना, गाळ काढताना, नाहीतर पंपाच्या पाण्याबरोबर थेट घरच्या बादलीत. तेव्हा माशांचे अभ्यासक राजीव राघवन, नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांनाच हाताशी धरलं: मासा आला की फेकू नका, आम्हाला कळवा. आणि लोकांनी कळवलं! सहा वर्षं हे काम चाललं. कुणी फोटो पाठवले, कुणी मासाच जपून ठेवला. आपल्याकडं जुने आड कचऱ्यानं बुजवतात आणि शेजारी बोअर पाडतात, ते मला मुळीच पटत नाही. आडाचा गाळ दर उन्हाळ्यात निघालाच पाहिजे.

तर, त्या माशांचा डीएनए तपासला. दिसायला सारे सारखे, हातात घेऊन फरक सांगता येईना, पण जनुकांत मोठं अंतर. लक्षात घ्या, रूप तेच, जनुकं वेगळी. त्यांतली एक जात तर शास्त्राला नवीच होती. 2023 साली तिचं नाव ठेवलं होराग्लॅनिस पोप्युली, म्हणजे लोकांचा मासा. ज्यांच्या बादलीत तो आला, त्यांचा मान.

आणि हा बिनडोळ्यांचा मासा कुणाच्या घरातला? मागुराच्या. हो, आपल्या चिखलात, कमी पाण्यात तग धरणाऱ्या मागुराच्या. मागुराच्या कल्ल्यांवर झाडासारखा फाटे फुटलेला एक अवयव असतो, त्यानं तो वरची हवा घेतो. शिंगी हवा घेते ती कल्ल्यांपासून मागं शेपटीकडं गेलेल्या लांब पिशवीतून. सोय वेगळी, तरी डीएनए शिंगीला मागुराच्या अगदी शेजारी बसवतो. शिंगी धरताना मात्र तिच्या बाजूच्या काट्याला जपा. तो विषारी असतो, आणि हात फार ठणकतो.

नमस्कार.