खूण सांगावी लागली

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापला आहे 'दासाचे स्वरूप'. बायबलमध्ये प्रेषित पौलानं फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पत्र आहे, त्या फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातले हे शब्द. त्यांच्यावरच बोलायला मी उभा आहे. पण तिथे पोचण्याआधी एक गोष्ट सांगतो. ती वगळून मला पुढे जाता येत नाही, कारण ती घडली नसती तर मी या विषयाकडे वळलोच नसतो.

दुःखसहनाच्या सप्ताहात आम्ही मुलांचं नाटक बसवत असू. बारा ते पंधरा वयाची मुलं. एका वर्षी येशूचं काम कुणी करायचं, हे ठरवायला समिती बसली आणि पाच मिनिटांत उठली. उंच, गोरा, सरळ नाकाचा एक मुलगा होता, त्याला काम मिळालं. गुणी मुलगा. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण दुसरा एक मुलगा होता. बुटका, काळा, दाट कुरळे केस. त्याला योहानाच्या शुभवर्तमानातले तेरा ते सतरा हे पाच अध्याय अथपासून इतिपर्यंत पाठ होते. नुसते पाठ नाही हं, कळलेले होते. 'तुमचे अंतःकरण अस्वस्थ होऊ नये' हे वाक्य तो म्हणायचा तेव्हा बाकीची मुलं कुजबुजायची थांबत. मी त्याचं नाव सुचवलं. समितीतले एक वडीलधारे गृहस्थ अगदी मायेनं म्हणाले, "सर, मुलगा छान आहे हो, पण शोभणार नाही."

शोभणार नाही. मी वाद घातला, पण हरलो. त्या मुलाला महायाजकानं पाठवलेल्या जमावातलं काम दिलं. एक वाक्य नाही. हातात टॉर्च, त्यावर लाल जिलेटिनचा कागद, म्हणजे ती मशाल.

तालीम गेथशेमानेच्या प्रवेशाची होती, म्हणजे येशूला बागेत अटक होते तो प्रवेश. मधे येशू, पांढराशुभ्र झगा, खांद्यावर रुळणारा तपकिरी विग. विग मोठा व्हायचा, म्हणून आतून इलॅस्टिक शिवलं होतं, आणि त्याची लाल रेघ त्या पोराच्या कपाळावर उमटली होती. भोवती अकरा शिष्य, सगळ्यांचे झगे मातकट. येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा पुढे आला, त्यानं येशूचं चुंबन घेतलं. आणि तो टॉर्चवाला मुलगा मला म्हणाला, "सर, यहूदा कशाला हवा? पांढरा झगा घातलेला हा एकटाच आहे. मी लांबूनसुद्धा ओळखला असता."

पोरं हसली. मला हसू आलं नाही. घरी जाऊन मी मार्कच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय काढला. लहानपणापासून ऐकलेला मजकूर, पण त्या रात्री तो मी पहिल्यांदा वाचला असं म्हणायला हरकत नाही. यहूदानं त्यांना खूण देऊन ठेवली होती: ज्याचं मी चुंबन घेईन तोच तो, त्याला धरा. आता ती रात्र डोळ्यांसमोर आणा. वल्हांडण या यहुदी सणाचे दिवस, म्हणजे पौर्णिमेचा चंद्र. शिवाय योहान सांगतो की जमावाजवळ दिवे आणि मशाली होत्या. आणि येशू त्यांना काय म्हणतो? मी दररोज मंदिरात तुमच्याजवळ शिकवत होतो, तेव्हा तुम्ही मला धरलं नाही! म्हणजे हा माणूस रोज चारचौघांत बसलेला, चांदणं आहे, उजेड आहे, तरी बारा जणांतून तो कोणता हे बोट ठेवून दाखवावं लागलं. योहानाच्या वृत्तांतात चुंबन नाही. तिथे येशू स्वतः पुढे होऊन विचारतो, कोणाला शोधता? आणि 'तो मीच आहे' हे त्याला सांगावं लागतं.

तो सगळ्यांसारखाच दिसत होता. त्या मुलानं मला दाखवून दिलं ते एवढंच, आणि आजच्या माझ्या बोलण्याचा गाभाही तोच आहे.

पुढे पुढे शास्त्र वाचताना मला याच्याच खुणा दिसायला लागल्या. पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालीया मरीयेला तो माळी वाटला. अम्माऊसच्या वाटेवर दोघं जण त्याच्याबरोबर चालत गेले, आणि त्याला ओळखलं कधी, तर त्यानं भाकर मोडली तेव्हा. हे प्रसंग पुनरुत्थानानंतरचे आहेत, त्यांचा अर्थ वेगळाही लावतात, हे मला ठाऊक आहे. पण माळी! देवदूत नाही, राजा नाही. बागेत सकाळी कामाला आलेला माणूस.

चारही शुभवर्तमानांत येशूच्या रूपाचं एका ओळीचंही वर्णन नाही. तुम्ही म्हणाल, जुन्या लेखकांना वर्णन करायची सवयच नसेल. तसं नाही. शौल राजा इतरांपेक्षा खांद्यापासून वर उंच होता, हे शमुवेलाच्या पुस्तकात आहे. दावीद तांबूस, सुंदर डोळ्यांचा. अबशालोमाच्या केसांचं तर वजन दिलं आहे, दोनशे शेकेल! बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं उंटाच्या केसांचं वस्त्र आणि कमरेचा चामड्याचा पट्टा मार्क पहिल्याच अध्यायात सांगून टाकतो. येशूला पाहायला झाडावर चढलेला जक्कय ठेंगणा होता, हे लूक सांगतो. गंमत पाहा, मूळ ग्रीक वाक्यात 'तो ठेंगणा असल्यामुळे' यातला 'तो' म्हणजे जक्कय की येशू, हे नुसत्या व्याकरणावरून ठरत नाही. सर्वसाधारण वाचन जक्कयाकडेच जातं, माझंही. पण क्षणभर दुसरी शक्यता मनात आणून बघा, म्हणजे आपण किती दचकतो ते कळेल.

ज्याचं रूप सांगायला हवं होतं त्याच्याच बाबतीत लेखणी थांबली आहे. त्याला पाहिलेली माणसं जिवंत होती. विचारता आलं असतं.

ही जागा रिकामी होती, म्हणून पुढे ती भरायची धडपड सुरू झाली. सुरुवातीच्या शतकांतल्या धर्मपंडितांनी यशयाचा त्रेपन्नावा अध्याय हाती घेतला. त्याला रूप नव्हतं, मन बसावं असं सौंदर्य नव्हतं, असं त्यात आहे. दुसऱ्या शतकात जस्टिननं तेच धरलं, त्याच्यामागून तर्तुलियननंही. विरोधकांनाही ते सोयीचं झालं. केल्ससनं इ.स. १७८ च्या सुमारास लिहिलं, की तुमच्या येशूचं शरीर लहान आणि कुरूप होतं म्हणतात, मग त्यात देव कसा असेल? केल्ससचं पुस्तक आज नाही. ते आपल्याला कळतं ते ओरिजेन या ख्रिस्ती पंडितानं सुमारे सत्तर वर्षांनी त्याला जे उत्तर लिहिलं त्यातून. पुढे चौथ्या-पाचव्या शतकात वारं फिरलं. पंचेचाळिसावं स्तोत्र पुढे आलं, 'तू मानवांमध्ये अति सुंदर आहेस'. जेरोम म्हणू लागला, की त्याच्या मुद्रेत आणि डोळ्यांत काही दिव्य नसतं तर हाक मारताच शिष्य त्याच्यामागून गेले नसते. ऑगस्टिननं मात्र प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, की प्रत्येक जण प्रभूचा चेहरा आपापल्या मनानं निराळा रंगवतो, आणि खरा कसा होता ते आपल्याला माहीत नाही.

चित्रांचंही तेच. सिरियातल्या दुरा-युरोपोसला तिसऱ्या शतकातलं जे प्रार्थनाघर सापडलं, तिथल्या भिंतीवरच्या येशूला दाढी नाही. रोमच्या भुयारी दफनभूमींतला उत्तम मेंढपाळ आखूड केसांचा तरुण पोरगा आहे. लांब केस, मधे भांग, भरदार दाढी हे रूप चौथ्या शतकापासून बळावलं. त्यामागे ग्रीक देवांचा राजा झ्यूस उभा आहे, सिंहासनावर बसलेला.

आता माझी आवडती हकीकत. कॉन्स्टँटिनोपलला सहाव्या शतकाच्या सुरुवातीला थिओडोर नावाचा एक वाचक होता, उपासनेत शास्त्रवाचन करणारा. त्यानं लिहून ठेवलं आहे, की गेनाडियस तिथला मुख्य धर्माध्यक्ष असताना, म्हणजे पाचव्या शतकात, एका चित्रकारानं तारणाऱ्याचं चित्र झ्यूसच्या रूपात काढलं आणि त्याचा हात वाळला. गेनाडियसनं प्रार्थना करून तो बरा केला. आणि पुढे थिओडोर म्हणतो, की तारणाऱ्याचं दुसरं रूप, आखूड आणि कुरळ्या केसांचं, तेच जास्त खरं आहे. हात वाळला की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण पाचव्या-सहाव्या शतकातही लोकांना खटकत होतं, की आपण सुताराच्या अंगावर झ्यूसचा चेहरा चढवतो आहोत!

इ.स. ६९२ मध्ये त्याच शहरात, राजवाड्याच्या घुमटाखालच्या दालनात धर्मसभा भरली. तिचा ब्याऐंशीवा नियम असा, की यापुढे ख्रिस्ताला कोकराच्या प्रतीकात न दाखवता मनुष्यरूपात दाखवावं, म्हणजे देवाच्या शब्दाची नम्रता किती खोल होती ते पाहणाऱ्याला कळेल. चेहरा काढायचा तो नम्रता दिसावी म्हणून! हे वाचून मला फार आनंद झाला होता. पण ती सभा बोलावणारा सम्राट दुसरा जस्टिनियन. त्यानं याच सुमारास ख्रिस्ताचा चेहरा सोन्याच्या नाण्यावर पाडला, लांब केस, भरगच्च दाढी. लेख 'राज्य करणाऱ्यांचा राजा', आणि मागच्या बाजूला सम्राट स्वतः, 'ख्रिस्ताचा दास'. ज्यानं नाणं हातात घेऊन 'ही मुद्रा कोणाची?' असं विचारलं होतं, त्याचीच मुद्रा नाण्यावर आली.

पुढचं ऐका. ६९५ मध्ये या जस्टिनियनची गादी गेली, आणि शत्रूंनी त्याचं नाक कापलं. का? चेहरा विद्रूप झालेला माणूस सम्राट म्हणून चालत नसे. शोभत नसे! दहा वर्षांनी तो तशाच चेहऱ्यानं परत आला आणि गादीवर बसला. माणूस क्रूर होता, त्याची तरफदारी मला करायची नाही. पण या दुसऱ्या कारकिर्दीतल्या त्याच्या नाण्यावरचा ख्रिस्त पाहा: आखूड कुरळे केस, विरळ दाढी. थिओडोर ज्याला जास्त खरं म्हणाला ते रूप. मी त्या नाण्याचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला सम्राट आठवला नाही, लाल टॉर्च धरून उभा असलेला मुलगा आठवला.

अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवली आहे. सात मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता धावतच घ्यावा लागणार. लेंटुलसच्या नावावरचं पत्र सोडून देतो. येशूच्या केसांचा रंगसुद्धा सांगणारं ते पत्र मध्ययुगातलं बनावट आहे, आणि त्या नावाचा रोमन अधिकारी यहूदियात कधी नव्हताच, एवढं पुरे. २००१ साली ब्रिटनमध्ये रिचर्ड नीव्ह यांनी त्या काळच्या एका यहुदी कवटीवरून चेहरा घडवला, रुंद, सावळा, आखूड केसांचा. तो येशूचा चेहरा नव्हे, त्याच्या काळातल्या एका माणसाचा. आणि लांब केसांबद्दल पौल करिंथकरांना लिहितो, की पुरुषाला ते अपमानकारक आहेत. आपल्या प्रभूचे केस लांब होते असं ठाऊक असतं, तर त्यानं हे लिहिलं असतं का?

तर फिलिप्पै. ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्यानं स्वतःला रिक्त केलं आणि दासाचं स्वरूप घेतलं. दोन्हीकडे ग्रीक शब्द एकच आहे, 'मॉर्फे'. हे पत्र गेलं ते रोमन वसाहतीत. रोमची खानदानी घराणी पूर्वजांच्या चेहऱ्यांचे मेणाचे मुखवटे घराच्या दर्शनी भागात मांडून ठेवत. चेहरा म्हणजे घराण्याची पत. आणि दास? दासाच्या चेहऱ्याचा मुखवटा कोण जपणार? वधस्तंभ ही दासांची शिक्षा म्हणूनच ओळखली जाई. म्हणून मला वाटतं, शुभवर्तमानांतलं ते मौन म्हणजे विसरभोळेपणा नाही, लेखकांनी 'दासाचे स्वरूप' शब्दशः पाळलं आहे. 'मी मनाचा सौम्य व लीन आहे' यातला 'लीन' म्हणजे ग्रीक 'तपैनोस'. त्या काळी ही स्तुती नव्हती. हीन, खालच्या पायरीवरचा, असा त्याचा अर्थ. येशू तो शब्द स्वतःला लावतो, आणि पुढे त्याच शब्दाला सद्‌गुणाचं मोल येतं.

शेवटचं, योहान तेरा. चेहऱ्याचं वर्णन नाही, पण इथे बारीकसारीक कृती सगळ्या आहेत. तो भोजनावरून उठला, बाह्यवस्त्रं उतरवली, रुमाल घेतला, कमरेला बांधला, गंगाळात पाणी ओतलं. मग शिष्यांचे पाय धुणं, मग त्याच रुमालानं पुसणं. रस्ते धुळीचे, पायांत चपला, आणि हे काम घरातल्या दासाचं. आमच्या नाटकात हा प्रवेश असायचा. येशू झालेला मुलगा गुडघ्यावर बसायचा, विग पुढे घसरायचा, आणि प्रेक्षकांना त्याचा चेहरा दिसत नाही म्हणून समितीनं त्याला मान वर करून पाय धुवायला सांगितलं होतं.

मान वर करून पाय धुता येत नाहीत. घरी करून बघा. धुणाऱ्याचा चेहरा खाली जातोच, आणि बसलेल्याला दिसतो तो नुसता डोक्याचा माथा. त्या रात्री पेत्रानं तो पाहिला आणि घाबरून पाय मागे घेतला. यहूदाही अजून तिथेच बसला होता. त्याचेही पाय धुतले गेले.

त्या वर्षीच्या प्रयोगात विगचं इलॅस्टिक तुटलं, नेमकं याच प्रवेशात. पडद्याआडून विग परत घालायला कुणी धावलं नाही. मीच त्यांना हातानं थांबवलं.