घासू नये असे पितळ

वेंगुर्ल्यातल्या एका संग्राहकांच्या या घराच्या पडवीत मांडलेली जुन्या कॅमेऱ्यांची पितळी भिंगे वरवर पाहता एकाच घाटाची वाटतात. काहींवरचे नाव झिजले आहे, काहींवर ते कधी कोरलेलेच नव्हते. मात्र समोर टॉर्च धरला की प्रत्येक भिंग आपली जात काचेतच दाखवते. काचेचा जो पृष्ठभाग हवेला लागून असतो, त्यात दिव्याचे ठळक प्रतिबिंब पडते; जिथे दोन काचा कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेने चिकटवलेल्या असतात, तिथले प्रतिबिंब अगदी फिकट असते. संग्राहकांनी नुकत्याच सुट्या केलेल्या एका भिंगाच्या या पुढच्या भागात दोन ठळक आणि एक फिकट ठिपका दिसतो. मागच्या भागात चारही ठिपके ठळक आहेत, म्हणजे तिथल्या दोन काचांमध्ये हवेची फट आहे. नाव न वाचताही सांगता येते, की हे पेट्झव्हाल रचनेचे, व्यक्तिचित्रांसाठीचे भिंग आहे.

गणितज्ञ योसेफ पेट्झव्हाल यांनी १८४० मध्ये व्हिएन्नात ही रचना गणिताने बसवली आणि भिंगकार फोइग्टलेंडर यांनी ती पितळेत आणि काचेत घडवली. हे भिंग आधीच्या भिंगांच्या कितीतरी पट प्रकाश आत घेत असे, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर माणसाला निश्चल बसवून ठेवण्याचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला. कॅमेऱ्याच्या भात्यामागच्या दुधी काचेवर आता जे उलटे चित्र उमटले आहे, त्यात मधला चेहरा धारदार आहे आणि कडेच्या माडांची झावळे गरगर फिरल्यासारखी दिसतात. हिशेबाने पाहिले तर हा दोषच. तरीही आजचे छायाचित्रकार नेमक्या याच दोषासाठी ही भिंगे शोधत असतात.

शेजारचे भिंग वेगळे आहे. त्याच्या दोन्ही भागांत दोन ठळक आणि एक फिकट असेच ठिपके आहेत. लंडनचे डालमायर आणि म्युनिकचे श्टाइनहाइल या भिंगकारांनी १८६६ मध्ये, एकाच वर्षी पण स्वतंत्रपणे, ही समतोल रचना आणली. या भिंगातून घराचे खांब आणि वळचण कडेलाही सरळच राहतात.

कोरलेल्या नावावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये, कारण कित्येकदा ते कारागिराचे नसून विकणाऱ्या दुकानाचे असते. पॅरिसचे भिंगकार दार्लो यांच्या अनेक भिंगांवर बाहेर काहीच नसते, पण काच काढली की तिच्या कडेवर पेन्सिलीने लिहिलेले नाव सापडते. नळीवरची ही अरुंद खाच जॉन वॉटरहाऊस यांनी १८५८ मध्ये सुचवलेल्या, आत येणारा प्रकाश कमीजास्त करणाऱ्या भोकांच्या पट्ट्यांसाठी आहे. फोकससाठी दातेरी पट्टी आहे पण खाच नाही, असे भिंग बहुधा चित्रे पडद्यावर पाडणाऱ्या कंदिलाचे असते. कल्याणच्या महादेव पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले, ते अशाच प्रकारच्या कंदिलाच्या साहाय्याने. ‘यू. एस.’ अशी अक्षरे दिसली, की भिंग अमेरिकेचे आहे असे सांगणारेही भेटतात. प्रत्यक्षात ती १८८१ मध्ये ब्रिटनच्या फोटोग्राफिक सोसायटीने भोकाच्या आकारासाठी ठरवलेल्या ‘युनिफॉर्म सिस्टीम’ या मोजणीची खूण आहे, आणि तिच्यातला चार हा आकडा म्हणजे आजचा एफ ८.

आता हे आणखी एक भिंग पाहावे. सोन्यासारखे लखलखणारे हे पितळ घरच्यांनी दिवाळीच्या भांड्यांबरोबर आमसुलाने घासून काढले होते. जुन्या पितळावर लाखेचा पातळ, मधाळ रंगाचा थर दिलेला असतो. तो एकदा आमसुलाने गेला की पुन्हा येत नाही. कोरलेल्या अक्षरांत भरलेला काळा रंगही त्याबरोबर निघून जातो आणि अक्षरांच्या धारा बोथट होतात. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसणे एवढीच सफाई पुरेशी असते. काळवंडलेले पितळ छायाचित्राचे काहीही बिघडवत नाही.

काचेचा खरा वैरी पावसाळा आहे. चामड्याच्या पेटीत बंद ठेवलेल्या भिंगावर बुरशीचे असे तंतू पसरतात, आणि फार काळ राहिले तर ते काच कोरून ठेवतात. या घरात भिंगे उघडी करून लोखंडी कपाटात ठेवली जातात आणि जून ते सप्टेंबर आत एक छोटा बल्ब जळत असतो.

किनाऱ्यावरच्या बंद पडलेल्या स्टुडिओंमधली किती भिंगे पितळेच्या भावाने मोडीत गेली, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

कॅमेरा आणि भिंग वेगवेगळे विकले गेले, तर भिंग ज्यात आवळले जाते ते पितळी कडे कॅमेऱ्याच्या फळीवरच राहून जाते. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असल्यामुळे दुसऱ्याचे कडे सहसा बसत नाही, आणि मग ते लेथवर नव्याने कातून घ्यावे लागते. पडवीतल्या दोन भिंगांना अशी कुडाळात करून घेतलेली कडी आहेत. त्यांचे पितळ अजून पिवळेधमक आहे आणि ते तसेच दिसू द्यायचे, असे संग्राहकांनी ठरवले आहे.