हुर्राकात साखर कशाला?

[दृश्य: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला काजूचा डोंगर. झाडांखाली पडलेली पिवळी, तांबडी बोंडं.]

मार्च उजाडला की सत्तरीतल्या डोंगरांना एक वास सुटतो. गोड, उग्र, किंचित आंबूस. वाळपईच्या पुढे गाडीची काच खाली केली की तो आत शिरतो. झाडाखाली पिकून पडलेल्या काजूबोंडांचा हा वास. दारूसाठी बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पुरता पिकून आपणहून गळून पडलेलाच वेचतात, कारण रस आणि साखर त्यातच भरपूर असते.

आज बोलायचंय ते या साखरेबद्दल. ती बोंडात असते, रसात असते, पण बाटलीत उतरत नाही. आणि तरीही उन्हाळ्यात गोव्यातल्या टेबलाटेबलांवर जो हुर्राकाचा, म्हणजे काजूबोंडाच्या हलक्या दारूचा, ग्लास दिसतो, तो साखरेनं भरलेला असतो. ती येते कुठून? आणि काढून टाकली तर चव जाते का?

[दृश्य: कोळंबीत बोंडं तुडवणारे पाय. मग दगडाखाली दाबलेला चोथा, त्यातून ठिबकणारा रस.]

काजूचं झाड ब्राझीलचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणलं आणि इथल्या जांभ्या मातीनं ते आपलं मानलं. आधी बोंडापासून बी पिरगळून वेगळी करतात. मग बोंडं कोळंबीत, म्हणजे खडकात कोरलेल्या उथळ टाक्यात, पायांनी तुडवतात. आता पुष्कळ ठिकाणी हे काम यंत्र करतं, पण जुन्या भट्ट्यांवर पायांची लय अजून पाहायला मिळते.

तुडवून झालेल्या चोथ्याचा गोळा बांधून त्यावर जड दगड ठेवतात. त्यातून थेंब थेंब गळतो तो निरो. स्वच्छ, गार, मधुर. दारू न पिणारेही निरोची वाट बघतात. मधुमेह असेल त्यांनी मात्र इथे थांबावं. निरोमध्ये नशा नाही, पण फळाची सगळी साखर आहे, १०० मिलीमागे साधारण १० ग्रॅमच्या आसपास.

तुडवलेला रस मडक्यांत जातो. त्यात वरून यीस्ट घालत नाहीत. बोंडाच्या सालीवरचं आणि हवेतलं यीस्टच कामाला लागतं. रस फसफसतो, वर फेस येतो, आणि दोन-तीन दिवसांत साखरेचा बराचसा भाग मद्यार्क होऊन जातो. मग तो भाण्यात, म्हणजे भट्टीच्या भांड्यात चढतो, खाली लाकडं पेटतात.

[दृश्य: भट्टी. चुलीवरचं भाण, नळीतून दुसऱ्या भांड्यात जाणारी वाफ, त्या भांड्यावर ओतलं जाणारं पाणी.]

आपल्या विषयाचं सगळं मर्म या भट्टीत आहे. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० अंशाला. साखर मात्र कधीच वाफ होत नाही. जी उरली असेल ती भाण्याच्या तळाशीच राहते. नळीतून पुढे जातो तो मद्यार्क, थोडं पाणी आणि फळाचा वास. पहिल्या धारेचा हा हुर्राक, मद्यार्क साधारण १५ टक्के. हाच हुर्राक रसात मिसळून पुन्हा भाण्यात घातला की तयार होते फेणी, ४२-४३ टक्क्यांची. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ साली राज्य सरकारनं तिला वारसा पेयाचा मान दिला. हुर्राकाला तसा मान नाही, आणि तो टिकतही नाही. काढला की त्याच मोसमात संपवायचा. माझ्या मते त्याची थोरवीही तीच आहे. वर्षातून दोन-तीन महिनेच भेटणारी चव आहे ही.

सांगायचा मुद्दा असा, की शुद्ध ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ थंड करून मिळवलेल्या दारूत कर्बोदकं शून्य असतात. हुर्राकात शून्य, फेणीत शून्य, तसंच जिन, व्होडका आणि व्हिस्कीतही. बिअरचं तसं नाही. ती अशी भट्टीत वाफ करून बनत नाही, म्हणून ६५० मिलीच्या एका बाटलीत २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं सहज असतात. लिक्युअरचा तर विषयच वेगळा, त्यात साखर मुद्दाम ओतलेली असते.

[दृश्य: रस्त्याकडेचं बार. ग्लासात हुर्राक, वरून लिंबाच्या चवीचं गोड शीतपेय.]

गोव्यात हुर्राक म्हटलं की जोडीला लिम्का ठरलेली. वर लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. हा मेळ कुणी पुस्तकात लिहून ठेवलेला नाही. टेबलावर जमला आणि जमून राहिला. त्याला नावं ठेवायची नाहीत. पण गोड शीतपेयांत साधारणपणे १०० मिलीमागे १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. एका ग्लासात २०० मिली ओतलं, तर २० ग्रॅम. चहाचे चार ते पाच चमचे. दुपारभर बसून तीन ग्लास झाले, तर ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या माणसानं अशी वरून आलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, २५च्या आत ठेवली तर आणखी बरं. इथे जेवण अजून वाढलेलंही नाही.

ही आकडेमोड गोव्यात तर करायलाच हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा देशभरातला मधुमेहाचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात देशात १० कोटींहून अधिक माणसांना मधुमेह असल्याचा अंदाज होता, आणि सगळ्या राज्यांत सर्वाधिक प्रमाण गोव्याचं, २६.४ टक्के. चार प्रौढांमागे एक. याचा दोष एकट्या शीतपेयावर टाकता येणार नाही. पण टेबलावर चौघे बसले असतील, तर हा ग्लास त्यांच्यातल्या एकाला तरी झेपणारा नाही, हे विसरून चालणार नाही.

[दृश्य: लाकडी टेबल. लिंबं, मिठाची वाटी, मिरच्या, साध्या सोड्याची बाटली. हात काम करताहेत.]

मग साखर काढायची कशी? बहुतेक जण तिच्या जागी दुसरं काहीतरी गोड शोधतात. मला ती वाटच चुकीची वाटते. कोकणातलं आणि गोव्यातलं उन्हाळी पेय पूर्वीपासून आंबट, खारट आणि तिखट यांवर उभं आहे. सोलकढी आठवा, मठ्ठा आठवा. यांत साखर नसली म्हणून कुणाला काही कमी वाटत नाही.

ग्लास असा करा. ६० मिली हुर्राक. अर्ध्या लिंबाचा रस, आणि पिळलेली फोडही ग्लासात टाका, कारण सालीच्या तेलात लिंबाचा खरा वास असतो. एक हिरवी मिरची मधोमध चिरून घाला. मिरचीचा तिखटपणा पाण्यात फारसा उतरत नाही, मद्यार्कात छान उतरतो. म्हणून मिरची आधी हुर्राकात पडू द्या, दोन मिनिटं थांबा. मग चिमूटभर मीठ. ते कडवटपणा दाबतं, आणि कडवटपणा दबला की फळाचा वास पुढे येतो. मग ग्लास गच्च भरून बर्फ, आणि वर दीडशे मिली साधा सोडा. सोडा ग्लासाच्या कडेनं ओता, बुडबुडे टिकतात. फार ढवळू नका.

पहिला घोट घेतल्यावर कळेल की हुर्राकाला स्वतःची गोडी आहे. जिभेला साखर लागत नाही, पण पिकल्या बोंडाचा वास नाकाला गोड वाटतो. शीतपेय ओतलं की लिंबाच्या सुवासाखाली नेमका तोच वास झाकला जातो. शिवाय थंडगार पेयात जिभेला गोडवा कमी जाणवतो, म्हणूनच शीतपेयांत इतकी साखर घालतात. तेच पेय कोमट झालं की तोंड चिकट होतं, तेव्हा ती किती होती ते कळतं.

हिशोबही बघा. ६० मिली हुर्राकात सुमारे ७ ग्रॅम मद्यार्क, म्हणजे ५० कॅलरी. सोड्याचं शून्य, लिंबाचं नगण्य. २०० मिली गोड शीतपेयाबरोबर हाच ग्लास १३०च्या घरात जातो.

[दृश्य: दुकानातली फळी. बाटल्यांची लेबलं, जवळून.]

खरेदीला गेलात तर दोन जागी फसगत होते. पहिली टॉनिक वॉटर. सोड्यासारखं पारदर्शक, चवीला कडसर, म्हणून लोक त्याला बिनसाखरेचं समजतात. साध्या टॉनिकमध्ये शीतपेयाच्या जवळपास जाईल इतकी साखर असते. दुसरी कोकमाची. अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरवलेलं सरबत. आगळ म्हणजे मीठ घालून काढलेला कोकमाचा अर्क, त्यात साखर नाही. रंग दोघांचा सारखाच, बाटल्याही शेजारी शेजारी असतात. आपल्याला हवं ते आगळ.

शहाळ्याचं पाणी मधल्या जागेवर बसतं. २०० मिलीत पाच ते आठ ग्रॅम नैसर्गिक साखर असते. शून्य नाही, पण आमरस किंवा संत्र्याच्या रसापेक्षा कितीतरी कमी. कैरी उकडून तिचा गर गूळ न घालता, जिरं-मीठ लावून सोड्यात घुसळला, तर आंबटपणाला छान अंग येतं. काकडी आणि पुदिनाही चालतो, मात्र तो जिनबरोबर. हुर्राकाच्या वासापुढे पुदिना उगाच भांडतो.

कृत्रिम गोडीची डाएट पेयं ग्लासात ओतली की साखर शून्य होते, हे खरं. पण वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली केली. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. साखर नसलेल्या पेयातली दारू पोटातून लवकर पुढे सरकते आणि रक्तात जास्त वेगानं चढते. सोड्यालाही हे लागू आहे. म्हणून साखर काढली की ग्लास सावकाश प्या, आणि रिकाम्या पोटी पिऊ नका. चणे, भाजलेला सुका बांगडा, काहीतरी बरोबर हवंच.

[दृश्य: दुपारचं ऊन. ओसरीवर पाण्याचा तांब्या.]

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण ‘शुगर-फ्री’ या शब्दानं खूप लोक निर्धास्त होतात. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर धोका साखर वाढण्याचाच नसतो, घसरण्याचाही असतो. जेवणाच्या मधल्या वेळेत रक्तातली साखर सांभाळायचं काम यकृत करतं. मद्यार्क आला की यकृत आधी त्याच्या मागे लागतं आणि नवी साखर बनवणं बाजूला पडतं. पिऊन काही तासांनी, अगदी झोपेतसुद्धा, साखर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, बडबड ही तेव्हाची लक्षणं नशेसारखीच दिसतात, त्यामुळे शेजारचा माणूस ‘जास्त झाली’ म्हणून झोपवून टाकतो. जीव जातो तो अशा वेळी. औषधं चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला, आणि सोबत्यांनाही सांगून ठेवा.

मद्यार्काचं कुठलंच प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही, हेही जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट म्हटलं आहे. साखर काढून ग्लास औषध होत नाही, त्यातला एक त्रास कमी होतो एवढंच. उन्हात तर दारू शरीरातलं पाणी आणखी बाहेर काढते. प्रत्येक ग्लासामागे तेवढंच साधं पाणी प्या.

जे पीत नाहीत, त्यांच्यासाठी वरचा सगळा ग्लास हुर्राक वगळून करा. लिंबू, मिरची, मीठ, बर्फ, सोडा आणि चमचाभर आगळ. टेबलावर तो कुणाहून उणा दिसणार नाही.

[दृश्य: बांद्याजवळची हद्द. अलीकडे-पलीकडे काजूच्या सारख्याच बागा.]

सीमेपलीकडे सिंधुदुर्गात, दोडामार्गात, सावंतवाडीत, वेंगुर्ल्यात हेच झाड आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं काढलेल्या काजूच्या जाती कोकणभर लावल्या जातात. बी विकली जाते, बोंडं मात्र बहुतेक बागेतच कुजतात. गोव्यासारखी भट्टी इथे परवान्याशिवाय लावता येत नाही, आणि गोव्यातला हुर्राक विनापरवाना हद्दीपार आणणं हा गुन्हा आहे. बोंडावर प्रक्रिया करायला मोकळीक मिळावी, ही इथल्या बागायतदारांची जुनी मागणी आहे आणि ती मला रास्त वाटते. तोवर हुर्राक प्यायचा तर गोव्यातच, वयाची २१ वर्षं पूर्ण झाल्यावर, आणि गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन.

[दृश्य: पावसाचे पहिले ढग. ग्लासात गडद लाल कोकम, वर चढणारे बुडबुडे.]

मे सरला की हुर्राक संपतो. उरते फेणी, तिचा ग्लास वेगळा. ती अडीच-तीन पट कडक, म्हणून ३० मिलीच घ्यायची. त्यात एक मोठा चमचा आगळ, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, बर्फ आणि २०० मिली सोडा. कोकमाचा आंबटपणा फेणीच्या उग्र वासाला नीट पेलतो, लिंबाला ते जमत नाही. आगळात मीठ भरपूर असतं, तेव्हा वरून घालू नका, आणि रक्तदाबाचा त्रास असेल तर आगळ अर्धाच चमचा.