किती आहेत आणि कुठे आहेत

(साताऱ्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. संयोजकांनी विषय दिला तेव्हा मला हसू आलं. म्हणाले, "संसदेत संरक्षणमंत्री उत्तरं देतात, त्यावर बोला." म्हटलं, साताऱ्यात? तुमच्यापासून थोड्याच अंतरावर अपशिंगे आहे. गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे. घरटी एक माणूस फौजेत. सैन्यात माणसं किती कमी आहेत हे त्या गावाला दिल्लीहून कशाला कळायला पाहिजे? पण विचार करता वाटलं, उत्तर कळतं, पण कागदावरचं उत्तर वाचायचं कसं हे सहसा कुणी सांगत नाही. तेवढंच आज करू.

आधी एक आकडा घ्या. मार्च 2023, राज्यसभा. तिन्ही दलांत किती जागा रिकाम्या आहेत, असा प्रश्न होता. उत्तर संरक्षण राज्यमंत्री अजय भट्ट यांनी दिलं. भूदलात 8,129 अधिकारी कमी. जेसीओ, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर, आणि जवान मिळून 1,27,673 कमी. लष्करी परिचर्या सेवेत, म्हणजे आपण ज्यांना मिलिटरीच्या नर्स म्हणतो त्यांच्यात, 509 कमी. नौदल आणि हवाई दल धरून एकूण रिक्त जागा दीड लाखाच्या वर.

आता आणखी मागे जा. डिसेंबर 2021, तेच सभागृह, साधारण तोच प्रश्न. भूदलात अधिकारी 7,476 कमी, जेसीओ आणि जवान 97,177 कमी. तिन्ही दलांची मिळून तूट 1,22,555. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ही बातमी आतल्या पानावर एका कॉलमात आली होती. म्हणजे सव्वा वर्षात जवानांच्या रकान्यात तीस हजारांची भर पडली, आणि ही भर खड्ड्यात पडली. खड्डा वाढला.

तो का वाढला, हे या मैदानावर पहाटे पाचला धावणाऱ्या पोरांना विचारा. 2019-20 मध्ये भूदलानं 80,572 जण भरती केले. पुढची दोन वर्षं, 2020-21 आणि 2021-22, भूदलाची भरतीच झाली नाही. कोविडचं कारण होतं. या काळात निवृत्तीची वयं कोविडसाठी थांबली नव्हती, माणसं दरवर्षीप्रमाणे घरी येत होती. काही पोरांनी मैदानी पार केली होती, मेडिकल पार केलं होतं, फक्त लेखी उरली होती. ती लेखी झालीच नाही. जून 2022 मध्ये चार वर्षांसाठी जवान घेणारी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि जुनी प्रक्रिया गुंडाळली गेली. त्या वर्षापुरती वयाची अट 23 वर नेली, तरी काहींची संधी गेलीच. संसदेतल्या त्या उत्तरात हे सगळं '1,27,673' या एका आकड्यात बसलेलं आहे. त्याच्या शेजारी वयाचा रकाना नाही. असता तर?

मी अग्निपथवर आज बोलणार नाही, त्यावर बोलायला इथं बसलेले निवृत्त सुभेदार माझ्यापेक्षा लायक आहेत. मला त्या उत्तराची घडण दाखवायची आहे. 2023 च्या उत्तरात 8,129 च्या पुढे लिहिलेलं आहे की यात लष्करातले डॉक्टर आणि दंतवैद्यही धरले आहेत. बटालियनमध्ये कॅप्टन कमी असणं आणि इस्पितळात सर्जन कमी असणं या दोन वेगळ्या अडचणी आहेत. त्या एका बेरजेत आल्या की कुणाचीच नीट दिसत नाही. दोन वर्षांच्या उत्तरांची वजाबाकी करायची असेल तर आधी हे बारीक टाइपातले शब्द जुळवा. वृत्तवाहिन्या जुळवत नाहीत.

हे उत्तर तयार कसं होतं? खासदार किमान पंधरा दिवस आधी प्रश्नाची सूचना देतात. प्रश्न खूप येतात, म्हणून चिठ्ठ्या टाकाव्या तशी क्रमवारी काढतात. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न, त्यांची उत्तरं तोंडी. आणि 230 अतारांकित, त्यांची लेखी. प्रश्नोत्तराचा तास तासभराचाच, त्यामुळे वीसपैकी जेमतेम चार-पाच प्रश्न तोंडी होतात. बाकीच्यांची उत्तरं पटलावर जातात.

पण ज्यांचा नंबर लागतो त्यांची गंमत वेगळी. अध्यक्ष नाव पुकारतात, मंत्री उठतात आणि म्हणतात, "विवरण सभापटलावर ठेवलं आहे." बसतात. झालं उत्तर! खरी परीक्षा त्यानंतर, पुरवणी प्रश्नांत. मंत्र्यांच्या हातात जाड फाइल असते, तिच्यात कोण काय विचारू शकेल याचा अंदाज बांधून टिपणं लावलेली असतात. बाजूला अधिकाऱ्यांच्या कक्षात मंत्रालयाची मंडळी जीव मुठीत धरून बसलेली असतात. नेमकं फाइलमध्ये नसलेलं विचारलं की चिठ्ठी येते. ज्यानं सैन्याचा अर्थसंकल्प नीट वाचलाय असा खासदार उभा राहिला, की फाइलची पानं उलटण्याचा वेग वाढतो. लेखी उत्तरात ही मजा नाही. तिथं कागद एकदाच बोलतो.

एक सुटका मंत्र्यांकडे कायम असते. "माहिती गोळा केली जात आहे, ती पटलावर ठेवली जाईल." हे ऐकून बरेच जण समजतात, गेलं प्रकरण बासनात. पण तसं नाही. हे वाक्य आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत ते पुरं करावं लागतं, नाहीतर आश्वासन समितीपुढे जबाब द्यावा लागतो. अशा आश्वासनांचा पाठपुरावा वर्षानुवर्षं चालतो हेही खरं. पण कागद जिवंत राहतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. किती आहेत, हे सांगतात. कुठे आहेत, ते सांगत नाहीत. लोकसभेच्या नियमांतच आहे की गोपनीय स्वरूपाच्या बाबींबद्दल माहिती मागणारा प्रश्न घेऊ नये. आणि तरीही एखादा प्रश्न सुटून आलाच, तर एक ठरलेलं वाक्य आहे: ही माहिती उघड करणं राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीनं इष्ट नाही. मला या वाक्याचा राग नाही. कुठल्या खिंडीत कुठली ब्रिगेड बसली आहे हे सभागृहात वाचून दाखवलं तर ते आधी बीजिंगमध्ये टिपलं जाईल. ब्रिटनमध्ये तर संरक्षण मंत्रालय दर तिमाहीला सैन्यातल्या माणसांची सविस्तर आकडेवारी छापतं, तरी विशेष दलांबद्दल एक अक्षर बोलत नाही. प्रश्न एवढाच, की त्या वाक्याची हद्द कुठवर?

इथं यशवंतरावांची आठवण काढावीच लागते. देवराष्ट्र्याचा माणूस. नोव्हेंबर 1962 मध्ये, चीनच्या युद्धात, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झाले आणि चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य तुम्ही शाळेपासून ऐकताय, मी ते परत म्हणणार नाही. नाशिकमधून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. आणि लगेच समोर काय? हरलेलं सैन्य, संतापलेलं सभागृह, आणि नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचलात, नक्की काय झालं याची चौकशी. ती चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंदरसिंग भगत यांनी केली. भगत दुसऱ्या महायुद्धातले व्हिक्टोरिया क्रॉस विजेते.

2 सप्टेंबर 1963 रोजी चव्हाण लोकसभेत उभे राहिले. अहवाल खुला करणार नाही, असं त्यांनी सांगितलं. पण ते बसले नाहीत, बोलत राहिले. चौकशीचे विषय एकेक घेतले: प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकमतीची व्यवस्था, जवानांची शारीरिक तंदुरुस्ती, आणि सेनापतींची कुवत. मुळातलं शिक्षण चांगलं होतं, पण डोंगराळ मुलुखात लढण्याच्या दृष्टीनं ते दिलेलं नव्हतं. सामग्री कमी होती. उंचीवर नेण्याआधी जवानांना हवामानाची सवय झालेली नव्हती. आणि सगळ्यात बोचरं म्हणजे, कनिष्ठ अधिकारी बरे होते, उणिवा वरच्या पातळीवर गेल्यावर जास्त दिसू लागल्या. जनरलांना हे ऐकायला काय वाटलं असेल याचा विचार करा. आणि पुढे, कितीही मोठं सैन्य असलं तरी त्याला सरकारकडून स्पष्ट धोरण आणि दिशा मिळावी लागते, हेही त्यांनी म्हटलं. ती चपराक कुणाला होती, हे सभागृहाला सांगावं लागलं नाही.

एकाही तुकडीचं ठिकाण न सांगता एवढं सांगता येतं.

आणि माणसांचा आकडा? तो त्यांनी उघड ठेवला. 1964 ते 1969 या संरक्षण योजनेत भूदलाचं उद्दिष्ट 8,25,000 होतं. दहा डोंगरी डिव्हिजन्स, हवाई दलाची 45 स्क्वॉड्रन्स. अधिकारी आणायचे कुठून? आणीबाणी कमिशन, म्हणजे युद्धाच्या निकडीपोटी ठरावीक मुदतीची अधिकारीपदं, सुरू केलं, पुण्यात आणि मद्रासला 1963 मध्ये प्रशिक्षण शाळा उघडल्या, आणि कॉलेजातली, नोकरीतली पोरं काही महिन्यांत सेकंड लेफ्टनंट झाली. मुदत संपल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांना बाहेर पडावं लागलं, हा या कथेचा दुसरा भाग. काही वर्षांसाठी माणूस घ्यायचा आणि मग सोडायचा, ही कल्पना 2022 ची नाही.

हेंडरसन ब्रूक्स यांच्या त्या अहवालाचं काय झालं म्हणता? 2010 मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनींनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं, की त्यातला मजकूर अत्यंत संवेदनशील आहे आणि आजही लष्करी दृष्टीनं उपयोगाचा आहे. सत्तेचाळीस वर्षांनी! मार्च 2014 मध्ये अहवालाचा मोठा भाग इंटरनेटवर आला. तेव्हा विरोधी बाकांवर असलेल्या अरुण जेटलींनी लिहिलं, की असे कागद कायमचे दडवून ठेवू नयेत. मे महिन्यात सरकार बदललं आणि जेटली संरक्षणमंत्री झाले. जुलैमध्ये राज्यसभेत उत्तर आलं: अहवाल खुला करणं राष्ट्रहिताचं नाही. खुर्ची बदलली की उत्तरही बदलतं, हा दोष एका पक्षाचा नाही, म्हणून दोन्ही नावं घेतली.

लडाखचं घ्या. सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त लेखी उत्तरं. गलवानमध्ये वीस जवान गेल्याला तीन महिने झाले होते. राजनाथ सिंह यांनी 15 तारखेला लोकसभेत निवेदन केलं, 17 ला राज्यसभेत. राज्यसभेत त्यांनी ठामपणे सांगितलं, की भारतीय जवानांना गस्त घालण्यापासून जगातली कुठलीही ताकद अडवू शकत नाही. टाळ्या पडल्या. देपसांग आणि देमचोकमधली गस्त मात्र ऑक्टोबर 2024 च्या समझोत्यानंतर सुरू झाली. तोवर ती कुठे होती? सभागृहात त्या दिवशी खरा पुरवणी प्रश्न झाला असता तर हे चार वर्षं अंधारात राहिलं नसतं. फेब्रुवारी 2021 मध्ये मात्र त्याच राजनाथ सिंहांनी पँगाँग सरोवराबद्दल बरंच नेमकं सांगितलं (फिंगर म्हणजे सरोवराकाठच्या डोंगरसोंडा): चीनचे सैनिक फिंगर 8 च्या पूर्वेला, आपले फिंगर 3 जवळच्या धनसिंग थापा ठाण्यावर. म्हणजे ठिकाण सांगता येतं. समझोता झाला की येतं. किती जण होते, ते तेव्हाही नाही.

सियाचीनवर एप्रिल 1984 पासून आपलं सैन्य आहे. तिथं आपले किती जवान आहेत याचं उत्तर संसदेत मिळत नाही. पण डिसेंबर 2015 मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं, की नोव्हेंबरपर्यंत तिथं 869 जणांचा जीव गेला. अधिकारी 33, जेसीओ 54, इतर दर्जाचे 782. तिथं किती आहेत ते गुपित आहे, तिथं किती गेले ते नाही.

ते उत्तर पटलावर ठेवल्याला दोन महिने झाले नसतील, 3 फेब्रुवारी 2016 ला सोनम ठाण्यावर बर्फाचा कडा कोसळला. मद्रास रेजिमेंटच्या 19 व्या बटालियनच्या ठाण्यावर दहा जण होते. एक जण सहा दिवसांनी जिवंत सापडला, देशानं देव पाण्यात ठेवले, तोही 11 तारखेला गेला. त्या दहांत एक नर्सिंग असिस्टंट होता, आपल्या माण तालुक्यातला. पर्रीकरांच्या तक्त्यात 54 च्या रकान्यात एक वाढला, 782 च्या रकान्यात नऊ.